बोटभर चुना

आमच्या राहात्याच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. मालन लग्न होऊन घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं डाळीचं पातेलं माझ्यापुढे आदळलं आणि म्हणाली, "साखर कारखान्यात पानी तपासायचा पगार घेता ना तुमी? मग ह्या पान्यात काय मेलंय ते सांगा." मी बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत नेलं, तपासलं आणि संध्याकाळी सांगितलं, की चुना जास्त आहे, मॅग्नेशियमही आहे. उत्तर अगदी बरोबर होतं. डाळ मात्र कच्ची ती कच्चीच राहिली. तेव्हापासून माझ्या रसायनशास्त्राला घरात काडीची किंमत नव्हती.

म्हणून एकाहत्तर साली पुढच्या खोलीत समुद्र आणतो असं मी जाहीर केलं, तेव्हा मालन पोट धरून हसली. आप्पा हसले नाहीत. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

आप्पा म्हणजे माझे वडील. साठी उलटली तरी उसाला पाणी धरायला स्वतः जाणारे. त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. गळीत हंगाम संपला की आम्ही रत्नागिरीला जाणार होतो. माझा कॉलेजातला मित्र सत्तार तिथं मत्स्य खात्यात नोकरीला होता. "राधाकिसन, पानी खरंच आभाळाला टेकतं का रं?" असं आप्पा जेवताना मधेच विचारायचे. आणि निघायच्या तोंडावर पाटाच्या कडेला पाय घसरून त्यांची उजवी नडगी मोडली. नगरच्या डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. हाड जुळलं तर चालतील, म्हणाले, नाही जुळलं तर खाट सुटणार नाही. घरी आल्यावर आप्पा एवढंच बोलले, "समुद्र ऱ्हायला आता." तो आवाज माझ्याच्यानं ऐकवेना.

मग मी कामाला लागलो, आणि खोटं कशाला सांगू, मजा आली. नगरच्या फ्रेमवाल्याकडून जाड काच आणली, लोखंडी अँगलची चौकट करून सांधे डांबरानं भरले. विहिरीचं पाणी अर्थातच बाद. कारखान्यात वाफ निवून जमलेलं, क्षार नसलेलं पाणी मुबलक. ते सायकलला कॅन लावून आणलं आणि समुद्रात असतात तितके क्षार तोलून त्यात विरघळवले. हवेचे बुडबुडे सोडणारा पंप मुंबईहून मागवला. आप्पांच्या खाटेला लागून, उगवतीच्या खिडकीखाली पेटी बसली. सत्तार एसटीनं आला तो दुधाच्या कॅनमध्ये एक दगड घेऊन. दगडावर राखाडी खरबरीत पापुद्रा होता.

"प्रवाळ," सत्तार म्हणाला. "आप्पा, हे झाड नाही बरं का. जनावर आहे. पाण्यातला चुना खातं आणि त्याचंच घर बांधतं."

जनावर म्हटल्यावर आप्पांनी कूस बदलली. पडल्यापासून पहिल्यांदाच.

पण जनावर काही उघडेना. मी रोज पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत नेई, चुना मोजायचं द्रावण ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब सोडत लालाचा निळा रंग होण्याची वाट बघे. चुना कमी भरला की चुन्याची निवळी घाले. लहान पोरांना देतात तीच, खाली गाळ बसल्यावर वरचं नितळ पाणी. तीही थेंबाथेंबानं, नाहीतर सगळं पाणी दुधाळ होतं. आकडे सगळे जागच्या जागी होते, आणि दगड आपला दगडच होता. मालन येताजाता म्हणायची, "धोंड्याला आंघोळ घाला अजून."

एके दिवशी ड्युटीवरून आलो तर ती फाटकातच उभी. "अवो, चला लवकर. फुललंय ते!"

तो सारा दगड फुलला होता. करंगळीएवढ्या नळ्या बाहेर आल्या होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाला हिरवट पाकळ्यांचं फूल, वारा नसताना डोलणारं. खोलीत ओल्या मिठाचा वास भरला होता. मी आनंदानं ओरडलोच. मग पाहिलं, आप्पांच्या उजव्या हाताचं बोट ओलं होतं.

"काय केलंत आप्पा?"

"काय न्हाई. पान लावलं. आपन खायचं न् दारातल्या जनावराला उपाशी ठिवायचं? त्यालाबी बोटभर चुना दिला." आमच्या घरात पहिला घास बाजूला काढल्याशिवाय कुणी जेवत नाही, आप्पांनी तोच नेम चंचीतल्या चुन्याला लावला होता. "लई मायाळू हाय रं. बोट धरून ठिवतं."

शास्त्राप्रमाणे बोटभर चुन्यानं पाणी बिघडायला हवं होतं. मी धावत जाऊन तपासलं. काही बिघडलं नव्हतं. चुना वाढलाच नव्हता. घातलेला सगळा कुठं गेला?

तो प्रवाळात गेला होता. दिवसागणिक नव्या पांढऱ्या फांद्या फुटत होत्या. सत्तार पुन्हा आला तेव्हा पेटीपुढे उकिडवा बसून राहिला. "राधा, आमच्याकडे वर्षात एवढं वाढत नाही यार." आम्ही दोघं पोरांसारखे खूश होतो. आप्पा तर काय, दर पानाला एक बोट पाण्यात. त्यांचा चेहरा भिंतीकडून कायमचा पेटीकडे वळला होता. मला एकच गोष्ट खटकत होती. आप्पांच्या चुनाळ्यातून जेवढा चुना जात होता, त्याच्या कितीतरी पट प्रवाळ वाढत होतं. हिशेब बसत नव्हता, आणि न बसणारा हिशेब म्हणजे काहीतरी नवीन सापडणार, या विचारानं मला धड झोप लागत नव्हती.

नगरला प्लास्टर उतरवून फोटो काढला. हाड जुळलं नव्हतं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. मोडलेली टोकं झिजून पातळ झाली होती. वहीच्या कागदासारखी. "चुनाच नाही हाडात," ते म्हणाले. "आहार काय आहे यांचा?" पुन्हा प्लास्टर घातलं. परत येताना गाडीत आप्पा म्हणाले, "घरी चल बिगीनं. ते उपाशी आसंल."

त्या आठवड्यात सत्तारकडे तपासायला पाठवावं म्हणून मी पकडीनं प्रवाळाचं एक टोक तोडलं. कट् असा बारीक आवाज झाला.

खाटेवर आप्पा किंचाळले. दोन्ही हातांनी त्यांनी प्लास्टर धरलं होतं.

एकदा घडलं म्हणजे पुरावा झाला, असं मी मानत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा गाढ झोपलेले असताना मी काचेच्या कांडीनं एक फांदी हलकेच खरवडली. झोपेतच त्यांनी पाय आखडून घेतला. मी थांबलो. पुन्हा खरवडली. त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

मी कांडी खाली ठेवली. मला भीती वाटली, आणि भीतीइतकीच उत्सुकताही होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. दगड परत समुद्रात टाकायचा विचार आला तसा गेला. माझ्या बापाचं हाड त्यात होतं.

आप्पांचं चुनाळं मी काढून घेतलं. त्यांनी अबोला धरला. सलाईनची रिकामी बाटली पेटीवर टांगून मी निवळी ठिबकत ठेवली. आकडे पुन्हा अगदी चोख आले, आणि सगळी फुलं मिटली. आप्पांचा पाय प्लास्टरच्या आत सुजला, ते कण्हू लागले. मालन रडकुंडीला आली. "अवो, कायतरी करा. मामंजींना बघवंना."

तेव्हा मी चुन्यात बोट बुडवलं आणि पाण्यात घातलं.

एक फूल उघडलं, मग दुसरं. त्यांनी माझं बोट धरलं. वासरू चोखतं तसं, पण थंड. खाटेवरचं कण्हणं थांबलं.

त्यानंतर मी रोज बोट देऊ लागलो, आणि पुढचे दिवस आमच्या घरात सणासारखे गेले. पुढच्या फोटोत हाड जुळलं होतं. डॉक्टरांनी आधीचा फोटो शेजारी धरून पाहिला, नाव पुन्हा वाचलं. प्लास्टर निघालं. आप्पा काठी घेऊन, मग काठीशिवाय चालू लागले. एक दिवस ते एकटे पेठेत जाऊन पेरू घेऊन आले आणि मालननं त्यांना ओवाळलं. "आता रत्नागिरी," आप्पा म्हणाले. मी रत्नागिरीच्या गाड्यांची चौकशीसुद्धा करून आलो.

मग भाकरी खाताना माझी दाढ गेली. दुखली नाही, नुसता भुगा झाला. मी तो तळहातावर घेऊन पाहिला आणि खिशात टाकला. काही दिवसांनी बुटाची नाडी ओढताना करंगळी मोडली.

मी एक दिवस बोट दिलं नाही. त्याच दुपारी आप्पा ओट्यावरून उठता उठता बसले ते उठेनात.

"माझं बोट घालू का?" मालननं विचारलं. मी तिच्यावर असा खेकसलो की ती आत जाऊन बसली.

रात्रभर मी विचार केला आणि सकाळी मला उत्तर सापडलं. इतकं सोपं, की मी अंथरुणातच हसलो. विरळ करायचं. तीव्र द्रावण एका पेल्यात प्यायलं तर माणूस मरतो. तेच विहिरीत टाकलं तर कुणाला पत्ताही लागत नाही. एकाच माणसाच्या हाडातून जाणारं सगळ्या गावात वाटलं, तर कुणाला काय कमी पडणार होतं? एवढंच की गाव पेटीपाशी यायला हवं होतं.

गाव आधीच येत होतं. आप्पांचा पाय समुद्रानं बरा केला, ही बातमी शेजारच्या लंकाबाईनं कधीच पसरवली होती. तिची सून बाळंतपणाला इथंच होती, त्यामुळे पाणी भरायला, बाळाचे कपडे वाळत घालायला म्हणून लंकाबाई दिवसभर आमच्याच ओट्यावर, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आप्पांची हकिकत सांगायची. लोक दारात येऊन हात जोडत. मी झाकण सरकवलं आणि चुन्याची वाटी बाहेर ठेवली. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाला मूल नव्हतं, कुणाचा बैल हरवला होता. एकेक जण बोटभर चुना द्यायचा आणि फुलं ते घ्यायची. बाजाराच्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत जायची. आप्पा दाराशी ताठ उभे राहून एकेकाला आत सोडायचे. "सावकाश. घाबरायचं न्हाई. लई मायाळू हाय."

माझी करंगळी भरून आली. गावात कुणाची दाढ पडल्याचं मी ऐकलं नाही, आणि ऐकण्यासाठी मी कान टवकारून होतो. माझं गणित बरोबर आलं होतं. आयुष्यात मी इतका खूश कधी झालो नव्हतो.

एका बाजाराच्या सकाळी लंकाबाई नातीला घेऊन रांगेत आली. पोर तिच्या खांद्यावर झोपलेली, अजून मानही धरत नव्हती.

"पोरीचंबी बोट लावते," ती म्हणाली. "औक्ष मिळंल."

मी तोंड उघडलं. आप्पांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. मी त्यांच्या पायाकडे पाहिलं.

लंकाबाईनं ते इवलंसं बोट चुन्याला टेकवलं आणि पाण्यात धरलं.

पेटीतलं एकूण एक फूल उघडलं. मागची, खालची, आजवर कधीच न उघडलेली. सगळी एका बाजूला वळली. पोर झोपेतच हसली. बोट बाहेर काढायला लंकाबाईला जरा ओढावं लागलं.

"पाहिलंत का?" ती रांगेकडे वळून म्हणाली. लोक खुळ्यासारखे बघत राहिले.

तिच्या मागच्या माणसानं बोट घातलं. एकही फूल हललं नाही. त्याच्या मागच्या बाईनं घातलं. नाही. मी घातलं. पाणी नुसतं गार होतं.

तीन दिवस पेठेतला जो तो येऊन बोट बुडवून गेला. फुलं मिटलेलीच राहिली. चौथ्या दिवशी सकाळी आप्पा खाटेवर बसून नडगी चोळत होते, माझ्याकडे न बघता. मालन दाराला टेकून उभी होती.

"राधाकिसन," आप्पा म्हणाले, "मोडंल रं पुन्हा."

बाहेर ओट्यावर ऊन आलं होतं. लंकाबाई नातीला तेल लावत होती आणि मांडीवरच्या त्या पोरीचे पाय हळूहळू ओढत होती.

मी झाकण सरकवलं आणि दारात गेलो.

"लंकाबाई," मी म्हणालो, "बाळाला जरा आत आणता?"