हाताचं वळण

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीच्या कचेरीत वर्षाराणी टायपिस्ट म्हणून रुजू झाली, तेव्हा तिला स्वतःच्या बोटांचा भलताच तोरा होता. बारा वर्षं रेमिंग्टनवर चाललेली बोटं, झोपेतही चुकायची नाहीत. इथं मात्र संगणकावर इनस्क्रिप्ट कीबोर्ड होता, कळांची मांडणीच निराळी. मात्रा सगळ्या डाव्या हाताला, अक्षरं उजव्याला. पहिली वेलांटी अक्षराआधी मारायची सवय. इथं ती अक्षरानंतर. पहिल्या दिवशी साधं पत्र लिहायला गेली, तर पडद्यावर कोंबडीनं उकिरडा उकरल्यागत झालं. महिनाअखेरीस परीक्षा होती. मिनिटाला तीस शब्द जमले तरच नोकरी पक्की. घरात ती आणि सात वर्षांची क्रांती, दोघीच. दुसरं मिळवणारं कुणी नव्हतं.

"संयोगिताबाईंचा कीबोर्ड हाय त्यो," चहा ठेवत शालूबाई म्हणाल्या. कचेरीची झाडलोट त्यांच्याकडं होती. "लई झपाझप हात चालायचा."

"सोडून का गेल्या?"

"सोडत्यात कुठल्या. वारल्या की श्रावणात."

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. वर्षाराणीनंही कीबोर्डला हळदकुंकू लावलं, आणि मनातल्या मनात म्हणाली, "संयोगिताबाई, एवढी परीक्षा पार पाडा. बाकी काय हवं ते घ्या." अडला हरी, दुसरं काय.

त्यानंतर दुपारी तिला गुंगी यायला लागली. खिडकीतून ओतकामाच्या तापल्या वाळूचा वास यायचा, यंत्रांची धडधड लांब गेल्यासारखी वाटायची. झिजलेल्या कळा बोटांखाली कोमट लागायच्या. डोळे उघडावेत तर पत्र पुरं झालेलं असायचं, एकही चूक नाही. खोटं कशाला सांगा, तिला आनंदच झाला.

घरी भाकरी मात्र थापता येईना. पीठ हातात तसंच राहायचं. दमणूक असेल, म्हणून तिनं सोडून दिलं.

परीक्षेत अडतीस शब्द पडले.

शनिवारी ती क्रांतीला घेऊन पेढे वाटायला आली. शालूबाईंनी पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. हात वेणीवर थांबला.

"ही येणी कुणी घातली?"

"मीच की. सकाळी."

"चार पेडांची?"

वर्षाराणीनं वाकून पाहिलं. सकाळी तिचं लक्षच नव्हतं. तिच्या आईनं तिला तीन पेडांची शिकवली होती. तीच ती रोज घालायची.

"संयोगिताबाई लेकीची अशीच घालायच्या," शालूबाई हळूच म्हणाल्या. पेढा त्यांनी खाल्ला नाही.

वर्षाराणीनं क्रांतीला खुर्चीवर बसवलं आणि वेणी सोडली.

"आई, परत कशाला?"

"गप बस."

तिनं केसांचे तीन भाग केले. नीट मोजून, तीन.

बोटं जरा थांबली.

मग त्यांनी सावकाश चौथा पेड वेगळा काढला.