मागचं वजन

धुळ्याहून फोन आला तेव्हा सुकदेव अंगणात मोटरसायकल पुसत होता. फोन मेव्हणीचा होता, सुंदरबाईचा. त्याची बायको कोकिळा बहिणीकडे राहायला गेली होती आणि त्याच दिवशी भुसावळला परत यायची होती. सुकदेवचा डावा कान रेल्वेच्या शेडमध्ये घणांच्या आवाजाने कधीच गेला होता. उजव्याचाही फार भरवसा नव्हता. त्यात शेजारी पाण्याची मोटर चालू. त्याला एवढंच ऐकू आलं.

"नाना, अक्का गई."

"कवय?"

"आत्तेच गई."

गई म्हणजे गेली. गेली म्हणजे निघाली, बसमध्ये बसली. दुसरा काही अर्थ घ्यावा असं कारणच नव्हतं. बाई आदल्या दिवशी फोनवर त्याला, दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं का, म्हणून विचारत होती. "बरं, मी घेवाले जास," म्हणून त्याने फोन ठेवला. तिकडे सुंदरबाई रडत होती, ते त्याच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

तो मोटरसायकल घेऊन स्टँडवर गेला. धुळ्याची एक बस आली, रिकामी झाली. मग दुसरी आली. दर वेळी तो दारापाशी जाऊन उभा राहायचा, उतरणाऱ्या बायकांकडे बघायचा, आणि परत येऊन मागच्या सीटवरची धूळ रुमालाने झटकायचा. ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्याचा मित्र पंडित शोधत शोधत तिथे पोचला. त्याने मोटरसायकलची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि मग म्हणाला, "सुकदेव, गाडी इथेच राहू दे. आपण रिक्षाने जाऊ."

त्यावरून सुकदेवला कळलं.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणे. संध्याकाळी तिला अ‍ॅम्ब्युलन्समधून आणलं. सगळं रीतीप्रमाणे झालं. पण सुकदेवच्या मनात एकच गोष्ट अडकून बसली. मी तिला घ्यायला गेलो होतो आणि रिकामा परत आलो. दिवस झाले, पाहुणे पांगले, पुण्याचा मुलगा रजा संपेपर्यंत राहून गेला, तरी जो भेटेल त्याला तो हेच सांगायचा. लोक म्हणायचे, मनाला लावून घेऊ नका. मग तो सांगेनासा झाला. मोटरसायकल ओट्याशेजारी ताडपत्रीखाली उभी राहिली, आणि तो बाजारात पायी जाऊ लागला.

पंडित शेडमध्ये वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी काम केलेला माणूस. बोलायला लागला की इंजिनाची शिट्टी बरी. तिसरा मित्र नवीनशेठ. बाजारात वडील झुंबरलालजींनी घातलेलं कापडाचं दुकान चालवायचा. जैन माणूस, सूर्य मावळला की तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. तिघांनी मिळून तरुणपणी सातपुड्यातले घाट पालथे घातले होते. मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळीच दोघे आपापल्या गाड्या घेऊन दारात उभे राहिले. वर पाल गावाला जायचं, घाट चढायचा, वर जेवायचं, नवीनशेठला दिवस असताना घरी पोचवायचं, मग तू आहेस आणि तुझी ताडपत्री आहे, असं पंडितने ठणकावून सांगितलं.

सुकदेवची गाडी त्याने आधीच सर्व्हिसिंग करून आणली होती. त्यात स्वतःची अक्कलही चालवली होती. मागच्या चाकावरची साडीगार्डची जाळी आणि बायकांनी पाय ठेवायची पट्टी, दोन्ही काढून टाकली होती. सुकदेवच्या डोळ्यांपुढे ते नको, एवढाच त्याचा हेतू. सुकदेवने त्या मोकळ्या चाकाकडे पाहिलं. पंडितचा जीव त्यात होता हे त्याला कळत होतं, म्हणून तो गाडीवर बसला.

पंडित पुढे, सुकदेव मध्ये आणि नवीनशेठ मागे, अशी ओळ ठरली. मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न सुकदेवला ऐकू येत नसे, तेवढं नवीनशेठने बघायचं.

तापीचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा लागल्या. गारवा होता. पाट सोडलेले होते, त्या ओल्या मातीचा वास अंगावर येत होता. सुकदेवला बरं वाटत होतं आणि बरं वाटतंय याची थोडी लाजही वाटत होती. फैजपूरच्या अलीकडे समोरून एक मोटरसायकलवाला आला. सुकदेवच्या मागच्या चाकाकडे हात करून तो काहीतरी ओरडला आणि निघून गेला.

स्टँड राहिलं असेल, असं सुकदेवला वाटलं. रस्त्यावर अनोळखी माणूस ओरडतो तो स्टँडसाठीच. त्याने टाचेने चाचपून पाहिलं. स्टँड वरच होतं.

खिरोद्याच्या रस्त्याला दुसरा भेटला. हा ट्रॅक्टरवर होता. त्यानेही खाली हात केला, तसंच तोंड हललं. सुकदेवने पुन्हा टाच लावून पाहिली. पुढच्या चहाच्या टपरीवर त्याने पंडितला विचारलं, तर पंडित म्हणाला, "लोकांना दुसऱ्याच्या स्टँडची भारी काळजी. स्वतःचं टायर फुटेस्तोवर कळत नाही." नवीनशेठ एरवी अशा वेळी पंडितला एखादा टोला हाणायचा. तो चहाच्या ग्लासकडे बघत राहिला.

खरं म्हणजे गाडीतच काहीतरी होतं. ती दबून चालत होती. खिरोद्याला पंक्चरच्या दुकानात सुकदेवने मागची हवा बघायला सांगितली. हवा बरोबर होती. सुकदेव यंत्रात आयुष्य घालवलेला माणूस. अंगात ताकद राहिलेली नाही, बरेच दिवस गाडी हातात धरलेली नाही, म्हणून जड लागत असेल, असा त्याने हिशोब लावला आणि तो त्याला पटलाही.

घाट सुरू झाला तसा तो हिशोब चुकू लागला.

कोकिळा साडीत बसायची. दोन्ही पाय डावीकडे. अशी बाई मागे असली की गाडी कायम डावीकडे ओढ घेते आणि चालवणाऱ्याला हँडल जरासं उजवीकडे धरून ठेवावं लागतं. सुकदेवच्या हातांना ती सवय इतकी मुरली होती की एकटा असताना गाडी त्याच्या हातून रस्त्याच्या मधोमध सरकायची. शेडमधले लोक त्यावरून हसायचे, वहिनींना घरी ठेवून आलास तरी हात त्यांच्याकडेच, म्हणायचे.

आता त्याचे हात तसेच होते, उजवीकडे धरलेले. आणि गाडी सरळ चालली होती.

त्याने हात सैल सोडले. गाडी डावीकडे, दरीच्या बाजूला ओढली गेली. त्याने पुन्हा धरले. सरळ.

सागाची मोठाली पानं रस्त्यावर पडलेली होती आणि पंडितच्या चाकामागून ती उडून येत होती. वळणामागून वळण. कोकिळा वळणावर घाबरून उलट्या बाजूला कलायची. तिला कितीदा सांगितलं तरी अंग माझं ऐकत नाही म्हणायची. सुकदेव प्रत्येक वळणावर गाडी थोडी जास्त झुकवत होता आणि तेवढं झुकवावंच लागत होतं. त्याने आरशात पाहिलं. आरशात रस्ता होता आणि नवीनशेठच्या गाडीचा दिवा. मान वळवून बघायचं मात्र त्याला सुचलं नाही, किंवा सुचलं आणि त्याने बघितलं नाही.

पालला धरणाजवळ झाडाखाली जेवायला बसले. पंडितने घरून भरीत आणि कळण्याची भाकरी आणली होती. नवीनशेठचे खाखरे पाहून त्याने रोजची थट्टा सुरू केली, की वांग्यात जीव असतो म्हणून सोडतोस आणि दुकानात गिऱ्हाइकाचा जीव काढतोस. नवीनशेठ हसला नाही. पंडित हात धुवायला पाण्याकडे गेला तेव्हा तो सुकदेवच्या उजव्या बाजूला सरकून बसला.

"सुकदेवभाऊ, धुळ्याला जाताना वहिनींनी कोणती साडी नेसली होती?"

"जांभळी. हिरव्या काठाची. तुमच्याच दुकानातली." सुकदेवला प्रश्नाचं नवल वाटलं. "का?"

"काही नाही," नवीनशेठ म्हणाला. त्याने खाखऱ्याचा चुरा पुन्हा डब्यात भरला आणि झाकण लावलं. थोड्या वेळाने एवढंच म्हणाला, की उतरताना गाडी सावकाश घ्या, घाई नाही.

उतरताना अर्ध्या घाटात सरपणाच्या मोळ्या घेतलेल्या पावरा आदिवासी बायका रस्त्याच्या कडेने चालल्या होत्या. त्यातल्या एका म्हातारीने सुकदेवला हात केला. नुसता हात नाही. ती मोळी टाकून रस्त्यात आली. सुकदेवने ब्रेक लावला. पंडित पुढच्या वळणाआड निघून गेला होता.

म्हातारी गाडीच्या मागे गेली. सुकदेवने मान जराशी वळवली, तिच्यापुरती. ती चाकापाशी वाकली होती. दोन बोटांनी तिने तारांमधून काहीतरी हळूच सोडवलं, गुंतलेलं काढतात तसं, थोडं मागे थोडं पुढे करत. मग हात वर नेला. मांडीच्या उंचीला नेऊन थांबवला. कोणी घेईपर्यंत थांबावं तसा.

मग बोटं सुटली. तिच्या हातात काही नव्हतं.

ती तिच्या बोलीत दोन शब्द रागावून बोलली, सुकदेवशी नाही, आणि हसली. मोळी डोक्यावर घेऊन आपल्या बायकांमागे चालू लागली.

नवीनशेठ मागे थांबला होता. त्याने गाडी स्टँडला लावली, पिशवीतून दुकानातला नवाकोरा पंचा काढला आणि सुकदेवच्या मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला, जाळी असायची तिथे, वरच्या कडीपासून खालपर्यंत ताणून बांधला. कापडाशी आयुष्य काढलेला माणूस. एक सुरकुती राहू दिली नाही. बांधताना त्याचे डोळे खालीच होते. गाठ मारून तो उठला, सुकदेवच्या चांगल्या कानाशी आला.

"वहिनींना सांगा, पदर खोचून घ्या म्हणावं."

सुकदेवने मान हलवली.

मग त्याने सांगितलं. मोठ्याने नाही.

पुढचा घाट तो इतका सावकाश उतरला की पंडित दोनदा थांबून परत आला. आजारी आहेस का, गाडी बिघडली का, पंचा कशाला बांधलाय, असं त्याने विचारलं. असू दे, म्हणाला सुकदेव. पंडितने पंचाकडे पाहिलं, नवीनशेठकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा विषय सोडून दिला.

रस्ता खराब आला की सुकदेव म्हणायचा, "खड्डा शे." पूर्वी म्हणायचा तसंच. पूर्वी ती शर्ट घट्ट धरायची. आता शर्टाला काही लागत नव्हतं. गाडी फक्त त्याच्या हातांना सांगत होती, आहे.

तेवढं पुरे होतं. या खेपेला रिकामं जायचं नाही, एवढंच त्याला हवं होतं.

केळीच्या बागांवर ऊन उतरलं. समोरून गाड्या येत होत्या. आता कोणी चाकाकडे हात करत नव्हतं.

भुसावळला चौकात तिघे थांबले. पंडितने पुढच्या रविवारचं पाटणादेवीचं ठरवून टाकलं आणि गेला. सूर्य बुडायला थोडाच वेळ होता, नवीनशेठला जेवणासाठी घाई करायला हवी होती, तरी तो रेंगाळला. त्याने सुकदेवला हात जोडले. मग तेच जोडलेले हात किंचित डावीकडे नेले, मान लववली, आणि गाडीला किक मारली.

दारासमोर सुकदेवने इंजिन बंद केलं. दोन्ही पाय जमिनीला टेकवून गाडी उभी धरली. मागे बसलेल्याने आधी उतरायचं, मग चालवणाऱ्याने. हे कोणाला शिकवावं लागत नाही. मागचं माणूस उतरलं की स्प्रिंगा वर येतात, गाडी उचलली जाते, आणि मग स्टँड लावता येतं.

"घर उनं," तो म्हणाला. "उतर."

गाडी उचलली गेली नाही.

शेजारची पुनम तुळशीपाशी दिवा लावायला बाहेर आली. तिने विचारलं, नाना, आत नाही का जायचं. होईल सावकाश, असं सांगून त्याने तिला आत पाठवलं.

रस्त्यावरचे दिवे लागले. इंजिन गार होताना टकटक वाजत होतं, तेही थांबलं. सुकदेवचे पाय भरून आले होते. स्प्रिंगा दबलेल्याच होत्या. ती अजून उतरली नव्हती, आणि म्हणून त्याचंही उतरायचं राहिलं होतं.