कोपऱ्यात उजेड कमी पोचतो

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे आणि खरी आहे. खोटी निघाली असती तर मीच सगळ्यात सुखी झालो असतो.

मागच्या वैशाखात, सेलूजवळच्या आमच्या वांग्याच्या वाडीत घडली.

ताईच्या सासरची मंडळी रोडग्यांच्या जेवणाला आली होती. मला तेव्हा डब्याच्या कॅमेऱ्याचं खूळ लागलं होतं. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला सुईनं भोक पाडायचं, आत फोटोचा कागद लावायचा, भोकावर चिकटपट्टी. पट्टी काढली की उजेड आत. पुन्हा लावली की फोटो झाला.

डबा उथळ असला की अख्खं शेत फोटोत मावतं. पण मधे उजेड भरपूर पडतो, आणि कडांना तिरपा, लांबून, अगदी थोडा. कडा काळ्याच येतात.

हे तिथे फक्त मला माहीत होतं.

मनकर्णा आत्या, बाबांची मोठी बहीण, आमच्याकडेच राहायची. तोंडावर कोड. लग्नाकार्यात फोटोवाला आला की ती आपणच चुलीकडे निघून जायची. त्या दिवशी मात्र लुगडं नीट करून पुढे आली.

"बापू, मी बी दिसीन का रे?"

आईनं मला डोळ्यांनी खुणावलं. पाहुणे होते ना...

मी आत्याला अगदी टोकाला उभं केलं.

"दिसशीन नं! पण कोपऱ्यात उजेड कमी पोचते. तुले आमच्याहून जास्त वेळ उभं राहा लागन. मी सांगेपर्यंत हलजो नको."

गंमत केली होती मी.

पट्टी काढली, थोड्या वेळानं परत लावली. सगळे हसत आंब्याखाली जेवायला गेले. मीही गेलो.

पंगत उठत आली तेव्हा बाबा म्हणाले, "आपली मनकर्णाबाई कुठी आहे रे?"

ती उन्हातच उभी होती. चेहरा नीट यावा म्हणून डोक्यावरचा पदरही काढलेला.

"झालं का रे?"

"केव्हाच झालं, आत्या!" मी हसलो.

रात्री तिला ताप चढला. ऊन लागलं होतं. दवाखान्यात नेली ती परत आलीच नाही.

तेरवीला ठेवायला तिचा धड फोटो घरात नव्हता. न्हाणीत अंधार करून मी तो कागद धुतला, फोटो काढला. पाहुणे छान आले होते. आत्याच्या जागी नुसता काळोख.

तेरवी झाल्यावर मी डबा घेऊन एकटाच वाडीत गेलो. तीच जागा, तेच ऊन. कोपरा उजळायला पट्टी किती वेळ काढून ठेवायला हवी होती, ते मला बघायचं होतं. बघून काय मिळणार होतं, विचारू नका.

पट्टी काढली.

विहिरीवरची मोटार थांबली...

आंब्यावर होले घुमत होते, तेही गप्प झाले...

समोर कुणी नव्हतं. पण कोपऱ्यातल्या वाळक्या पाल्यावर कुणीतरी पाय बदलला. उभं राहून राहून दुखले की बदलतात, तसा.

मग अगदी हळू...

"झालं का रे?"

मी पळालो. डबा तिथेच राहिला.

संध्याकाळी बाबांनी तो आणून दिला. भोकावर पट्टी नीट लावलेली होती.

"म्या नाई लावली," बाबा म्हणाले.

आतला कागद धुऊन फोटो काढला. मधला भाग, जिथे सगळ्यात जास्त उजेड पडतो, तो काळाकुट्ट. कोपरा मात्र लख्ख. तिथे आत्या उभी. कोडाचा एकेक डाग दिसतो. फक्त ओठ पुसट आलेत. या कॅमेऱ्यात जे हलतं, तेवढंच पुसट येतं.

ती बोलत होती.

आई त्याच फोटोला हार घालते. "कशा चांगल्या आल्या पाहा," म्हणते. तो कधी काढला, हे मी तिला सांगितलेलं नाही.

आता पुन्हा वैशाख लागलाय. परवा बाबा जेवताना म्हणाले, "त्या कोपऱ्यात दोनदा रोपं लावली. भर उन्हाची जागा, तरी सावलीतल्यावाणी पिवळी पडून राह्यली."



मी सांगेपर्यंत हलू नकोस, असं मीच तिला बजावलं होतं. तेरवीनंतरच्या त्या दुपारी तिनं पुन्हा विचारलं, आणि मी उत्तर न देता पळून आलो.

वाडीत जाऊन 'झालं, आत्या' एवढंच म्हणायचंय. अजून माझा पाय निघालेला नाही.