केयूर सरांचा उपास

"नैवेद्य आधी देवाला, मग माणसांना. मधे कुणी रडलं तरी नाही."

आईचं हे वाक्य ज्ञानदा मस्कतला येतानाही सोबत घेऊन आली होती. म्हणून तर अल खौदच्या त्या कॉलेजच्या मैदानाकडेनं ती मोदकांचा डबा छातीशी धरून चालली होती. संकष्टी होती. कॉलेजच्या लायब्ररीतलं काम आटोपून रुवीकडच्या देवळात आरतीला पोचायचं होतं.

फुटबॉल आला तो थेट डब्यावर.

सुबक कळ्यांचे मोदक खोट्या गवतावर लोळले. गोलपोस्टकडून उन्हानं रापलेला एक तरुण धावत आला.

"माफ करा... मी केयूर, या पोरांचा कोच. मी गोळा करतो."

"राहू द्या," ती हळूच म्हणाली. "आता नैवेद्याला चालायचे नाहीत."

"मग... पोरांना चालतील?"

तिनं उत्तर देईपर्यंत पोरांनी फडशा पाडला होता. कप्तान यासिर तर बोटं चाटत होता.

त्या संध्याकाळी, हंगामात पहिल्यांदाच, कॉलेजचा संघ जिंकला.

दुसऱ्या दिवशी केयूर लायब्ररीच्या काउंटरवर हजर. "पोरांना पुढच्या सामन्याआधी मोदक हवेत," तो मान खाली घालून म्हणाला. "खरं सांगू? मलाही हवेत. लीग जिंकली तर माझं कॉन्ट्रॅक्ट वाढेल. नाहीतर दुक्म. मामेभावानं तिथल्या कामगार कॅम्पच्या स्टोअरमध्ये जागा धरून ठेवलीय."

दुक्म म्हणजे दिवसभराची वाट, आणि पुढे बंदरावरच्या नुसत्या क्रेन आणि पुरुष. कालची ओळख, पण ज्ञानदानं एकाच पुस्तकावर दोनदा शिक्का मारला.

"नैवेद्य म्हणजे पेट्रोल नव्हे," ती म्हणाली, "भरलं की गाडी पळाली. ज्याला काही हवं त्यानं स्वतः उपास धरावा. सामना संपेपर्यंत."

"धरतो. काय चालतं?"

"दूध, फळं, खजूर."

"शावर्मा?"

तिनं नुसतं पाहिलं.

"नाही, आपलं विचारून ठेवलं."

मग दर सामन्याआधी तो येऊ लागला. राजगिरा कसा ओळखायचा, रताळं उकडायचं की भाजायचं... संघ जिंकत होता आणि शंका संपत नव्हत्या. ज्ञानदा जिच्याकडे भाड्यानं राहायची ती रत्नागिरीची नूरबानू एकदा म्हणालीच, "या माणसाला उपास कळत नाही, की तुझ्याकडे यायला कारण लागतं?"

"भाबडे आहेत ते," ज्ञानदा म्हणाली.

"तो भाबडा. आणि तू गं?"

ज्ञानदा पोळी लाटण्यात फार गुंतली होती.

गोंधळ झाला तो उपांत्य सामन्याला. सर दिवसभर जेवत नाहीत हे पाहून पोरांनी ठरवूनच टाकलं, सरांचा रोजा आहे. मग सरांसमोर पाणी कसं प्यायचं? गोलकीपर टॉवेलाआड लपून पाणी पीत होता. मध्यंतरात सूर्य बुडाला, रोजा सोडायची मगरिबची अजान झाली, आणि यासिरनं केयूरच्या तळहातावर खजूर ठेवला. "यल्ला, सर. बिस्मिल्ला." सगळा संघ भोवती उभा. केयूरनं घाबरून प्रेक्षकांत पाहिलं. ज्ञानदानं किंचित मान हलवली. त्यानं खजूर खाल्ला.

सामना जिंकून तो धावत तिच्याकडे आला. "उपास मोडला का हो माझा?"

"खजूर चालतो म्हटलं होतं ना."

"पण त्यांना रोजा वाटला. सांगून टाकू?"

"सांगा. पण खजूर नाकारू नका. इतक्या मायेनं हातावर ठेवलेलं नाकारलं, तर देव कसा पावेल?"

तो बघतच राहिला. तिनं नीट असलेली ओढणी पुन्हा नीट केली.

अंतिम सामन्यात मात्र शेवटची पेनल्टी खांबाला लागून बाहेर गेली. "खलास," यासिर म्हणाला आणि जर्सीनं डोळे पुसू लागला. मैदान रिकामं झालं तरी केयूर बाकावर बसून होता. ज्ञानदा येऊन जरा अंतर ठेवून बसली.

"मी एक नवस बोललो होतो," तो म्हणाला. "जिंकलो तर तुम्हाला काहीतरी विचारायचं. आता... हरलो."

"हरल्यावर विचारायचं नाही, असंही बोलला होतात?"

"नाही."

"मग?"

केयूरनं घसा साफ केला. पुन्हा केला. "माझ्याशी लग्न कराल?"

तिनं चपलेत अडकलेलं खोट्या गवताचं पातं काढलं.

"दुक्मला जाऊन काय करणार?"

"स्टोअर सांभाळीन. आणि कॅम्पातल्यांचा संघ उभा करीन. गवत नाही तिथं, पण माणसं आहेत. पहिला सामना बघायला याल?"

"येईन. उत्तर तिथंच देईन."

"अर्धं तरी आत्ता द्या."

"दिलंच की," ती म्हणाली. "एवढा लांबचा बसचा प्रवास कुणी उगीच करतं का?"

थंडी सुरू झाली तसा दुक्महून सामन्याचा निरोप आला. नूरबानूचा नवरा सादिक तिकडेच कामाला, तेव्हा तीही निघाली. म्हणाली, मला माझा माणूस बघायचाय, तू तुझा बघ. शुक्रवारी पहाटे ज्ञानदानं पूजा उरकली, चपला हातात घेऊन नूरबानूच्या मागोमाग जिना उतरली, आणि शेजाऱ्यांची झोप न मोडता दुक्मच्या बसकडे चालू लागली.