भोंग्यानंतरचा थांबा

सोमवार म्हणजे फाउंड्रीची सुट्टी. क्रांती कळंब्याहून स्कूटीवर आली, तेव्हा आवारात चिटपाखरू नव्हतं. काम तसं साधं होतं. भट्टी चालवणारा जुना प्रोग्रॅम नव्या कंपायलरवर आणायचा होता. माणसानं लिहिलेल्या ओळी यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाष्याच बदलला होता म्हणा ना. हजारो ओळी दुरुस्त करताना तिचा पावसाळा सरला होता. आज रिकाम्या भट्टीवर चाचणी.

त्या ओळी प्रसेनजीतदादाच्या. तिला हे काम त्यानंच शिकवलेलं. वितळलेलं लोखंड ओतायला भट्टी कलंडण्याआधी भोंगा वाजायचा, मग ती थोडी थांबायची; तेवढ्यात खालच्या खड्ड्यात साफसफाई करणारा माणूस लोखंडी शिडीनं वर यायचा. हा थांबा दादानं साध्या युक्तीनं बसवला होता. यंत्रानं तेवढा वेळ मनातल्या मनात नुसते आकडे मोजायचे.

शहाण्णव साली उत्पादन वाढवायचं म्हणून मॅनेजर अमरसिंह साहेबांनी थांबा निम्मा करायला लावला. दादा भांडला, आणि शेवटी त्यानं तो केला. त्याच आठवड्यात एक वायर बघायला तो स्वतः खाली उतरला आणि तो शिडीच्या अर्ध्यावर असतानाच वरून भट्टी कलंडली; दादा त्यातच गेला. चौकशीत ठरलं, प्रोग्रॅम त्याचा, चूकही त्याचीच. त्याची बायको शालन भरपाईसाठी वर्षभर ऑफिसात हेलपाटे घालत राहिली. कुणी तिला दारात उभं केलं नाही. क्रांतीनं गुपचूप थांबा पहिल्यासारखा केला. तेवढंच तिच्या हातात होतं.

शेडमध्ये जळक्या वाळूचा आणि ती घट्ट बसावी म्हणून घालतात त्या काकवीचा वास कोंडला होता. चाचणीपुरते अमरसिंह साहेब आणि ऑपरेटर गुंडू मागून आले होते. गुंडूनं बटण दाबलं. भोंगा वाजला आणि भट्टी लगेच कलंडली.

क्रांतीच्या ध्यानात आलं. नवा कंपायलर हुशार होता. ज्या मोजण्यातून काहीच निघत नाही ते फुकटचं, असं समजून त्यानं ते गाळून टाकलं होतं. संध्याकाळपर्यंत थांब्यासाठी नीट घड्याळ लावून देते, असं तिनं साहेबांना सांगितलं.

"राहू दे," साहेब म्हणाले. "आपसूक गेलंय ते कशाला परत घालतीस? भोंगा वाजतोय की."

"पण साहेब, खड्ड्यातला माणूस..."

"प्रसेनजीतपण असाच वाद घालायचा."

घरात तिच्या एकटीचा पगार येत होता. आपल्या गप्प बसण्याची तिला किळस आली.

गुंडूनं भट्टी सरळ करून पुन्हा बटण दाबलं. भोंगा वाजून विरला. भट्टी हलली नाही.

मग खड्ड्यातून आवाज आला. लोखंडाच्या पायरीवर पाऊल पडल्याचा. थोड्या वेळानं दुसरं. कुणीतरी सावकाश वर चढत होतं. जळक्या वासात आणखी कसलातरी वास मिसळला, करपलेल्या केसांसारखा. पावलं काठापर्यंत आली, थांबली... आणि मग भट्टी कलंडली.

"खाली कोण हाय?" साहेबांनी मागं सरत विचारलं.

"कोण न्हाय," गुंडू हळूच म्हणाला. "शिडी तर मी मघाशीच वर वढून घेतलीया."

शिडी भिंतीला टेकून उभी होती.

क्रांतीनं प्रोग्रॅम पुन्हा तपासला. त्यात थांबा कुठंच नव्हता. साहेबांनी तिला 'चाचणी यशस्वी' असं लिहायला सांगितलं. तिनं लिहिलं.

तेव्हापासून भट्टी रोज थांबू लागली, खालच्या माणसाला लागेल तेवढा वेळ. कामगार त्यावर बोलत नसत. वर्षभर एकही अपघात झाला नाही म्हणून साहेबांना मुंबईत सुरक्षेची ढाल मिळाली. त्यांच्या भाषणात प्रसेनजीतचं नाव आलं नाही. क्रांतीनं टाळ्या वाजवल्या.

ढाल आणली त्या दिवशी सगळे भट्टीपाशी जमले होते. साहेबांच्या गळ्यात हार होता. खड्डा रिकामा असल्याचं गुंडूनं वाकून पाहिलं आणि बटण दाबलं.

भोंगा वाजला. पावलं चढू लागली. पण आज ती दोघांची होती. पुढची नेहमीची, सावकाश. मागची जड, धापा टाकणारी, जिना चढणाऱ्या साहेबांसारखी.

पुढची काठाशी पोचली. मागची अर्ध्यावरच थांबली.

भट्टी अजून उभीच होती.