हवा थांबली की

शनी नीट दिसायला नुसती दुर्बीण चांगली असून भागत नाही, हवा शांत लागते. हवा हलली की ग्रह पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा थरथरतो. म्हणून आम्ही हौशी लोक त्याचा व्हिडिओ घेतो. कॉम्प्युटर त्यातल्या बहुतेक फ्रेम फेकून देतो आणि हवा क्षणभर थांबली असताना टिपलेल्या तेवढ्या एकावर एक रचून चित्र करतो. दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासायच्या आणि संध्याकाळी परसात हे. बायको याला रिकामे उद्योग म्हणायची.

यंदा ती स्वतःच खुर्ची टाकून शेजारी बसू लागली. तिच्या फुप्फुसांपुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. "इतकी वर्षं नुसतं ऐकतेय," ती म्हणाली. "एकदा ती कडी नीट दाखवा तरी."

एका संध्याकाळी तिला खोकल्याची उबळ आली आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा शनी पार विस्कटला. ती थांबली, तसा तोही सावरला. तिच्या श्वासाची ऊब दुर्बिणीसमोर येत असणार, म्हणून मी खुर्ची मागे नेली. मग तिला घरात बसवलं. मग खिडकी लावली. काचेआड तिची छाती वर जाई तेव्हा शनी थरथरे. एक श्वास सोडून दुसरा घेण्याआधी ती जरा थांबे, तेव्हा कड्यांमधली काळी फट कोरल्यासारखी दिसे. योगायोगालाही काही मर्यादा असते. मी घाबरलो, दुर्बिणीवर झाकण घातलं आणि घरात तिच्याजवळ गेलो.

"का आवरलंत?"

"हवा खराब आहे."

"मी श्वास धरला की दिसतो ना?"

"असलं काही नसतं. आणि तू धरायचा नाहीस."

"नाही धरला, तर किती दिवस पुरणार आहे तो?"



दुसऱ्या संध्याकाळी दुकानातून आलो, तर झाकण काढून ती परसात बसलेली. तिच्या हट्टापुढे माझं कधी चाललं नाही.

मी पडद्यासमोर बसलो आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. शनी थरथरत होता. पाठीमागे तिचा श्वास घरघरत होता, तोवर मला धीर होता.

मग पडदा स्वच्छ झाला.

कडी. फट. गोलावर पडलेली कड्यांची सावली.

"दिसलं का गं?"

मागे वळायची माझी हिंमत झाली नाही. हलू दे, एकदा तरी हलू दे, एवढंच मनात चाललं होतं.

वारा सुटला. शेजारच्या दोरीवरची चादर फडफडायला लागली. पडद्यावर शनी तसाच, जागच्या जागी होता.