कोरी कुपी

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची बावीस वर्षं गेली होती, आणि भुताखेतांपेक्षा तिला नीट न धुतलेल्या भांड्यांची जास्त धास्ती वाटायची. सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण पाण्यात सोडले की द्रावण डाळिंबासारखं लाल होतं. त्यात तपासायचं पाणी घालायचं. पारा असला तर कण एकमेकांना चिकटतात आणि द्रावण निळं पडतं. एकदा निळं झालं की ते पुन्हा लाल होत नाही. पण कुपी अस्वच्छ असली तरी निळंच होतं, म्हणून शेजारी शुद्ध पाण्याची एक कोरी कुपी ठेवायची. ती लालच राहायला हवी.

तीन वर्षांपूर्वी दादा त्याच्या बोअरिंगचं पाणी घेऊन आला, तेव्हा घाईत तिने कोरी कुपी ठेवलीच नव्हती. दादाने आपली कुपी मुठीत धरली. चहाचा पेलासुद्धा तो तसाच धरायचा.

"अगं, हे निळं झालं की!"

"कुपी नीट धुतली नसेल रे, दादा. तू खुशाल पी."

पुन्हा तपासायला पाच मिनिटं लागली असती. दादाने मात्र "माझ्या बहिणीने तपासलंय" असं कौतुकाने सगळ्या गल्लीत सांगितलं. दोन वर्षांत त्याचे हात थरथरू लागले, मग जीभ अडखळू लागली, मग तो गेला. पाण्यात पारा होता हे नंतर दुसऱ्यांनी शोधलं. ती पाच मिनिटं तिला रोज आठवायची. कुपीची गोष्ट तिने घरात कुणालाच सांगितली नाही.

गेल्या महिन्यापासून तिची कोरी कुपी निळी पडू लागली. तिने काच आम्लाने धुतली, सोन्याचं द्रावण नव्याने बनवलं, पाणी बदललं. तरी निळी.

"ताई, नजर लागली बहुतेक," शेजारचा सहकारी हसला. त्याने स्वतः करून पाहिलं. लाल. लगेच तिने केलं. निळं.

त्याच आठवड्यात दादाची मुलगी बाटली घेऊन आली. तिने दादाच्या गल्लीतच घर घेतलं होतं.

"आत्या, नवी बोअर आहे. बाळ आता वरचं पाणी प्यायला लागलंय. एकदा बघ ना."

तिने तीनदा तपासलं. तिन्ही कुप्या लाल. पारा मोजणाऱ्या मशीननेही निर्वाळा दिला. शेजारची कोरी कुपी मात्र निळी होत गेली, नेहमीपेक्षा गडद.

"हे पाणी बाळाला देऊ नकोस."

"अगं, पण लाल आहे ना?"

"असू दे." तिने निळ्या कोऱ्या कुपीकडे बोट दाखवलं. "तुझ्या बाबांचं पाणी इथे निळं झालं होतं. मीच त्यांना खुशाल पी म्हणाले. पुन्हा तपासलं नाही. चूक माझी होती गं."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल उभी केली.

कोऱ्या कुपीतला निळा रंग जांभळा झाला.

मग लाल.

ती नुसती बघत राहिली. असं होत नाही, कधीच होत नाही.

भाचीने डोळे पुसले आणि काहीतरी करायचं म्हणून कुपी उचलली. उचलली, आणि चटकन दुसऱ्या हातात घेतली.

"आत्या," ती म्हणाली, "ही गरम कशी? आत्तापर्यंत कुणाच्या मुठीत होती?"